जुन्या कॅमेऱ्यासाठी फिल्म सरकविणाऱ्या मोटरची निवड

जुन्या फिल्म-कॅमेऱ्यास मोटर जोडू इच्छिणारा बहुधा प्रथम वेगाची चौकशी करतो. वस्तुतः ती मोटर त्या विशिष्ट कॅमेऱ्याशी जुळते किंवा नाही, हा प्रश्न आधीचा होय. १९५९ साली निघालेल्या ‘निकॉन एफ’ची ‘एफ-३६’ ही मोटर कॅमेऱ्याचा तळ बदलून, कुशल कारागिराकडून त्याच एका कॅमेऱ्याशी जुळवून घ्यावी लागे. एकाची मोटर दुसऱ्यास तशीच बसविणे म्हणजे आतील यंत्रणेस धोका पत्करणे होय. १९७१च्या ‘एफ-२’पासून ही अट उरली नाही. ऑलिंपसच्या आरंभीच्या ‘ओएम-१’ला मोटरसाठी तळात फेरफार करावा लागतो, पुढील ‘एमडी’ अक्षरांकित कॅमेऱ्यांना तो लागत नाही.

वेगाचे आकर्षण फसवे असते. सेकंदाला पाच चित्रे या गतीने छत्तीस चित्रांची फिल्म सुमारे सात सेकंदांत संपते! कॅननच्या १९७६च्या ‘एई-१’ची साधी मोटर सेकंदाला दोनच चित्रे घेते, आणि बहुतेक कामांस तेवढे पुरते. शिवाय थंड, कोरड्या हवेत वेगाने ओढलेल्या फिल्मवर स्थिर विद्युतेच्या खुणा उमटण्याचा संभव असतो. फिल्म संपत आल्याचा ताण अंगठ्यास जाणवतो, मोटरीस जाणवेलच असे नाही. म्हणून ‘एफ-३६’वर चित्रसंख्या आधी लावून ठेवण्याची सोय आहे. ती चुकल्यास फिल्मच्या कडेची छिद्रे फाटतात. विकत घेण्यापूर्वी बॅटरीचा कप्पा उघडून पाहावा. गळलेल्या सेलांनी गंजलेले संपर्कबिंदू तेथेच दिसतात.