कार्टून-मालिकांतील भावंडें

वेषांतराची कथा आपल्याकडे नवी नाहीं. विराटाच्या घरीं अर्जुन बृहन्नडा होऊन राहिला, हें मराठी मुलांस लहानपणींच ठाऊक होतें. परंतु वेष पालटणें निराळें आणि जन्मतः मुलगी म्हणून नोंदल्या गेलेल्या मुलास आपण मुलगा आहों असें अंतर्यामीं जाणवणें निराळें. दूरचित्रवाणीवरील परदेशी कार्टून-मालिकांत हे दोनही प्रकार आढळतात. आणि दोहोंतही खरी कसोटी लागते ती घरच्या माणसांची, विशेषतः भावंडांची.

सन २०१२ मध्यें ऑस्ट्रेलियांत ‘शीझाऊ’ ही मालिका सुरू झाली. गाय आणि केली हीं तींतील बारा वर्षांचीं जुळीं भावंडें. ॲग्नेस नांवाच्या दिवंगत आप्त स्त्रीची अंगठी गाय बोटांत घालतो. तिच्या योगें त्याला अद्भुत सामर्थ्य मिळतें, पण तें एका वीर स्त्रीचें असल्यामुळें पोषाखही स्त्रीचाच अंगावर येतो. आणि अंगठी कांहीं केल्या निघत नाहीं! त्या वीर स्त्रीची सारी माहिती केलीला मुखोद्गत. अंगठी तिलाच शोभली असती. तरी हेवा धरून न बसतां ती भावाची मार्गदर्शक होते. सन २०१३ मध्यें ही मालिका अमेरिकेंत येतांच कांहीं टीकाकारांनीं तिच्यावर झोड उठविली. वस्तुतः गाय हा मुलगाच आहे. पोषाख उतरला कीं तो पूर्ववत् होतो.

सन २०२२ मधील हॅमिश स्टील यांच्या ‘डेड एंड: पॅरानॉर्मल पार्क’ या मालिकेंतील बार्नीची गोष्ट मात्र वेषाची नाहीं. तो पारलिंगी मुलगा आहे. आजीच्या बोचऱ्या बोलण्यापुढें आईबाप गप्प राहतात, म्हणून तो घर सोडतो. आईबापांचें प्रेम आटलेलें नसतें. परंतु नेमक्या वेळीं न उच्चारलेला एक शब्द मुलाला घराबाहेर काढूं शकतो.

याच वर्षींच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स: अर्थस्पार्क’ मध्यें याची दुसरी बाजू दिसते. रॉबी व मो माल्टो या बहीणभावांना पृथ्वीवर जन्मलेल्या यंत्रमानवांचें भावंडपण लाभतें. त्यांपैकीं नाइटशेड स्वतःस स्त्री किंवा पुरुष मानीत नाहीं. भावंडें त्याकरितां वाद घालीत नाहींत. नाइटशेडला जें संबोधन रुचतें तेंच वापरतात आणि पुढच्या संकटाकडे वळतात.

मराठींत ‘भावंड’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. भाऊ कीं बहीण हें न विचारतां तो आधीं नातें सांगतो. या मालिका मुलांना निराळें कांहींच शिकवीत नाहींत. आपलें भावंड स्वतःविषयीं काय सांगतें तें शांतपणें ऐकून घ्यावें आणि चारचौघांत त्याच्या बाजूस उभें राहावें, एवढेंच त्यांचें सांगणें आहे.