मानमोडीची साथ

१९१८ सालच्या जूनमध्यें मुंबईचे सात पोलिस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले, तेव्हां कोणीं फारशी चिंता केली नाहीं. तो इन्फ्लुएंझा होता, व पहिल्या फेरींत सौम्यच होता. सप्टेंबरांत तो परतला तो मृत्यूस बरोबर घेऊन. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीनें गांवीं परतणाऱ्यांबरोबर तो देशावर आला. आमचें खंडाळा गांव पुणें-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं वसलेलें. ज्या वाटेनें मुंबईचा चाकरमानी घरीं येतो त्याच वाटेनें रोगही येतो, हें येथील मुलांस निराळें सांगावयास नको.

लोकांनीं ह्या साथीस ‘मानमोडी’ असें नांव दिलें. मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें तिला बळी पडलीं. त्यांत वीस ते चाळीस वर्षांच्या वयाचींच फार. कोठें घरचा कर्ता पुरुष गेला, कोठें पाळण्यांतील मुलाची आई. त्याच वर्षीं पावसानें दगा दिल्यामुळें धान्य महागलें होतें. मुंबईंत युरोपियन लोकांत हजारीं सुमारें ८ मेले, तर समाजानें ज्यांस खालचे लेखिलें त्यांच्यांत ६१. रोग एकच, परंतु राहण्याची खोली, पोटांतील अन्न व उशाशीं बसणारें माणूस हीं सर्वांस सारखीं नव्हतीं. एकूण मृत्यूंच्या संख्येहूनही हा आंकडा आम्हांस अधिक बोचतो.

डॉक्टर हतबल होते, कारण शत्रूच ओळखला गेला नव्हता. जर्मन शास्त्रज्ञ फायफर ह्यांनीं १८९२ सालीं दाखविलेला एक जंतूच ह्या रोगाचें मूळ, अशी अनेकांची समजूत होती, व त्यावर लसीही तयार झाल्या. खरा अपराधी विषाणु. तो इतका सूक्ष्म कीं, जंतूंस अडविणाऱ्या गाळणींतूनही पार जातो. १९३३ सालीं लंडनमध्यें स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ ह्यांनीं रोग्यांच्या घशांतील द्रव गाळून तो फेरेट नांवाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या नाकांत सोडला. प्राणी तापानें फणफणले, आणि कोडें सुटलें.

पुढें लस निघाली. परंतु हा विषाणु बहुरूप्याप्रमाणें सोंग पालटतो, म्हणून लसही वरचेवर पालटावी लागते. आपल्या शेजारीं पुण्यास १९५२ सालीं विषाणु-संशोधनाची संस्था स्थापन झाली. त्याच पुण्यांत २००९ सालीं ह्याच कुळांतील ‘स्वाइन फ्लू’नें देशांतील पहिला बळी घेतला. ह्या वेळीं मात्र ऑसेल्टामिव्हिर नांवाचें औषध हाताशीं होतें. ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आंत तें सुरू झाल्यास अधिक गुण येतो. म्हणून अशा तापांत मुलास धाप लागली तर पालकांनीं काढ्यावर रात्र काढूं नये, तत्काळ डॉक्टरांस दाखवावें.