देवाची वेळ: थांबायचं कुठे, उठायचं कधी

‘देवाच्या वेळी होईल’ हे वाक्य ख्रिस्ती घरांत नोकरीपासून लग्नापर्यंत कशालाही लावलं जातं. त्यात सांत्वन आहे, पण त्याच्या आडून काही चुकीच्या समजुतीही वाढल्या आहेत.

पहिली, आणि सर्वांत पक्की: धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणं. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय धीराचं उदाहरण म्हणून शेतकरी पुढे करतो. त्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, त्यावर पेरणी होते. शेवटचा मार्च-एप्रिलात, त्यावर दाणा भरतो. या दोन पावसांची वाट पाहणारा माणूस नांगर धरलेला माणूस आहे. वाशिम, रिसोड, मालेगावच्या सोयाबीनवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून पेरलं आणि पावसानं दडी मारली की दुबार पेरणी कपाळी येते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तोवर शेतकरी वखराच्या पाळ्या देतो, ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून उगवण तपासतो, बीजप्रक्रिया करतो. शिवाय याच पिकाला मागची हद्दही आहे: जुलैचा पहिला पंधरवडा उलटला की उतारा घटत जातो. घाई जशी नडते तशी चालढकलही नडते, आणि ‘देव बघेल’ म्हणत ढकललेला निर्णय म्हणजे धीर नव्हे.

दुसरी समजूत नव्या वर्षाच्या वचनांच्या कार्डांवरून पसरते. यिर्मयाच्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन, देवाच्या मनात आपल्या भल्याच्या योजना आहेत या अर्थाचं, अनेकांच्या भिंतीवर असतं. ते लवकर सुटकेचं आश्वासन समजलं जातं. मुळात ते बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि दहाव्या वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याच पत्रात त्यांना घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं सांगितलं आहे. मला हे कार्डावरच्या एका ओळीपेक्षा फार मोठं वचन वाटतं. फळ स्वतः न पाहता काम करत राहणं आपल्याकडेही घडलं आहे: पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलचं भाषांतर केलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघालं. ग्रंथ हाती पडला नाही म्हणून त्यांचं काम अवेळी ठरत नाही.

मंडळीत सतत धावपळ करणारा तोच खरा सेवक, हाही गैरसमजच. कफर्णहूमात सगळे येशूला शोधत होते, तेव्हा तो पहाटेच एकांतात प्रार्थनेला गेला होता. शिष्यांनी गाठल्यावर तो परत न जाता पुढच्या गावांना निघाला. मार्काच्या पहिल्याच अध्यायात हे आहे. प्रत्येक बोलावण्याला हो म्हणणं त्यालाही जरुरीचं वाटलं नाही.

दवाखान्याऐवजी प्रार्थनेत थांबणं हा मोठा विश्वास, असंही कुणी म्हणतं. पौलानं तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी उपाय सुचवला आणि त्रफिमाला आजारी असताना मिलेतात मागे ठेवलं. वाशिम शहरातलं नाझरीन मंडळीचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल प्रार्थना करणाऱ्यांनीच उभं केलं. ताप उतरत नसेल तर देवाची वेळ आजच आहे, डॉक्टरांकडे जा.

सर्वांत घातक गैरसमज मार खाणाऱ्या बाईला ऐकवला जातो: धीर धर, देव नवऱ्याला बदलेल. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा घरी बसून न्यायाची वाट पाहत नाही, ती न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि येशू प्रार्थनेसाठी तिचाच दाखला देतो. अशा बहिणीसोबत पाळकांनी प्रार्थना करावी, आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यातही जावं. महिलांसाठीची 181 ही हेल्पलाइन आहे. तो नंबर चर्चच्या सूचनाफलकावर लावून ठेवावा.