कोंड्याबरोबर काय काय जातं

1896 च्या सुमारास जावा बेटावरच्या तुरुंगांचा एक हिशेब मांडला गेला. आडॉल्फ फोर्डरमान या डच वैद्यकीय अधिकाऱ्याने 101 तुरुंगांतल्या सुमारे 2 लाख 80 हजार कैद्यांची माहिती गोळा केली. कुठे कोणत्या तांदळाचा भात शिजतो आणि कुठे किती जणांना बेरीबेरी होतो, एवढंच त्याला ताडून पाहायचं होतं. पायांतली ताकद जाते, अंगावर सूज चढते आणि शेवटी हृदय थकतं, असा हा आजार. पॉलिश केलेला पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या तुरुंगांत 39 कैद्यांमागे एकाला बेरीबेरी निघाला. कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत तो दहा हजारांत एकाला होता.

ही पाहणी सुचली ती कोंबड्यांमुळे. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिस्तिआन आइकमान यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या होत्या. त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला आणि लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. पुन्हा साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागताच कोंबड्या चालायला लागल्या. कोंड्यात असं काय आहे, याचं नेमकं उत्तर 1926 मध्ये बटाव्हियातच मिळालं: थायमिन, म्हणजेच ब-1 जीवनसत्त्व. आइकमान यांना 1929 चं नोबेल मिळालं.

धान्याच्या दाण्याचा पौष्टिक ऐवज बऱ्याच अंशी कडेला असतो. कोंड्यात आणि अंकुरात ब गटातली जीवनसत्त्वं, लोह, मॅग्नेशियम, चोथा आणि थोडं तेल असतं, तर मधला पांढरा भाग मुख्यतः पिठूळ असतो. या तेलाचीच व्यापाराला अडचण होते. बाजरीचं पीठ महिनाभर डब्यात राहिलं की कडसर लागतं, हे भाकरी करणाऱ्या कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही, म्हणून घरी आठ-पंधरा दिवसांपुरतीच बाजरी दळून आणतात. कारखान्याला मात्र महिनोन्‌महिने टिकणारा माल हवा असतो. अंकुर आणि कोंडा काढला की मैदा टिकतो, पांढरा दिसतो आणि दूरवर पाठवता येतो.

म्हणून धान्यावर कोणताच संस्कार नको, असं मात्र नाही. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. त्यासाठी भात भिजवून तुसासकट उकडतात, वाळवतात आणि मगच सडतात. उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतात आणि पुढे कांडप झालं तरी बरीचशी टिकतात. जुन्या मद्रास इलाख्यात याचा पडताळा मिळाला होता. आजच्या आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवर गिरणीतला कच्चा पांढरा तांदूळ खाल्ला जाई आणि तिथे बेरीबेरी ठाण मांडून होता. उकडा तांदूळ खाणाऱ्या भागांत मात्र तो तुरळक आढळे. मालवणी घरात सकाळी पेजेचा वाडगा समोर येतो. त्यात तांबूस शितं आणि कोमट निवळ असते, बाजूला भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणच्याची फोड. त्या वाडग्यात फार शहाणं तंत्र शिजलेलं आहे. विरजलेलं दही, भिजवून मोड आणलेली मटकी हेही संस्कारच आहेत. प्रश्न इतकाच, की त्या संस्काराने पदार्थात काय राखलं आणि काय फेकून दिलं.

शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊन सगळी भरपाई होत नाही. अन्नाची घडणही मोलाची असते. 1977 मध्ये ब्रिटनमध्ये दहा जणांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा त्यांचा गर आणि एकदा रस दिला गेला, तिन्ही वेळा साखर सारखीच. अख्खी सफरचंदं खायला जितका वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्श्यात रस संपला. रसाने पोट कमी भरलं आणि इन्सुलिन मात्र जास्त उसळलं.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी 20 जणांना महिनाभर दाखल करून घेतलं. प्रत्येकाला दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न मिळालं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं शिजवलेलं. ताटात मांडलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, इतकंच काय चोथाही दोन्हीकडे सारखा ठेवला होता. कारखानी अन्नात तो पुरेसा नसल्याने पेयांत मिसळावा लागला! हवं तेवढं खायची मुभा होती. कारखानी अन्नावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी 0.9 किलो वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच उतरलं.

महिन्याभराच्या प्रयोगातून आयुष्यभराचं कळत नाही. त्यासाठी लाखो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे अभ्यास लागतात. 2019 मध्येच न्यूझीलंडच्या संशोधकांनी अशा 185 अभ्यासांचा आणि 58 चाचण्यांचा एकत्र विचार केला. सर्वात कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, टाइप-2 मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी आढळलं. पाठपुराव्याच्या अभ्यासांतून कारण पुरतं सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण चाचण्यांतही वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं, म्हणून हा पुरावा वजनदार ठरतो. दिवसाला 25 ते 29 ग्रॅम चोथा पोटात जावा, असा त्याचा निष्कर्ष. उसळ, भाकरी, पालेभाजी आणि एखादं अख्खं फळ रोज ताटात असेल, तर हा आकडा अवघड नाही.

दुकानात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. पाकिटावर ‘मल्टिग्रेन’ ठळक छापलेलं असतं, पण मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तिथे पहिलाच शब्द मैदा असेल, तर नाचणी नावापुरतीच. ब्रेडचा तपकिरी रंगही पुष्कळदा जळक्या साखरेपासून केलेल्या रंगाचा असतो. मधुमेह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी: ज्वारीची झाली तरी भाकरी पिष्टमयच आहे, तेव्हा ती मोजूनच खावी आणि सोबत डाळ-भाजी वाढवावी. बाकी घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. गिरणीत गहू जरा भरड दळून घ्यावा आणि कणीक सपिटाच्या बारीक चाळणीऐवजी मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढावी, म्हणजे काडीकचरा वर राहतो आणि कोंडा पोळीत उतरतो.