खाजरे डोळे आणि घराण्याचा वारसा

तुरीची रास सुरू झाली की निलंग्याच्या शिवारात भुसकट उडतं, डोळे खाजतात आणि पोरं मुठीनं डोळे चोळत बसतात. ही सवय मोडायलाच हवी. कारण केराटोकोनस नावाच्या आजारात कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन पुढे टोकदार होतो, चष्म्याचा सिलिंडर नंबर सारखा बदलतो. सुरुवात बहुधा वयात येताना होते आणि चोळण्यानं आजार बळावतो. नागपूर परिसरातल्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,६००हून अधिक लोकांच्या पाहणीत (२००९) या आजाराचं प्रमाण २.३ टक्के निघालं. निकष ढोबळ होता, तरी आकडा दुर्लक्षून चालणार नाही.

या आजारासाठी एकाच जनुकावर बोट ठेवता येत नाही. पण आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला आजार असेल तर धोका वाढतो. इस्रायलमधल्या एका अभ्यासात नात्यातल्या लग्नांशीही संबंध दिसला. आपल्याकडे मामाची मुलगी करून घ्यायची रीत अजून आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

वेळेत सापडलं तर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणं वापरून कॉर्निया घट्ट करता येतो. बिघडलेला आकार मात्र पुरता पूर्ववत होत नाही. घरात एकाला निदान झालं असेल, तर धाकट्यांची कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराची तपासणी, येत्या सुट्टीत करून घ्या.