थोरियमचे युरेनियम कसे होते?

मूलद्रव्याची ओळख त्याच्या अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते, आणि रासायनिक विक्रिया, मग ती कितीही प्रखर असो, त्या संख्येला मुळीच हात लावीत नसल्यामुळे, किमयागारांच्या भट्ट्या शतकानुशतके धगधगूनही शिशाचे सोने झाले नाही. प्रत्यक्ष अणुकेंद्रात शिरकाव मिळाला, की मात्र ही मर्यादा संपते.

केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत सापडणाऱ्या थोरियमचाच दाखला घ्यावा. ९० प्रोटॉनांच्या थोरियम-२३२ने अणुभट्टीत एक न्यूट्रॉन ग्रहण केला, म्हणजे थोरियम-२३३ हे अस्थिर केंद्र निर्माण होते. त्यातील एका न्यूट्रॉनाचे प्रोटॉनात रूपांतर होऊन एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, आणि सुमारे २२ मिनिटांच्या अर्धायुष्याने ९१ प्रोटॉनांचे प्रोटॅक्टिनियम-२३३ सिद्ध होते. पुढे तीच क्रिया, परंतु सुमारे २७ दिवसांच्या अर्धायुष्याने, पुन्हा घडून ९२ प्रोटॉनांचे युरेनियम-२३३ अवतरते. मूळच्या थोरियमचे मंद न्यूट्रॉनांनी विखंडन होत नाही. या युरेनियमचे मात्र सहज होते, आणि म्हणूनच ते इंधनाच्या पदवीस पोचते.

कल्पाक्कम येथील ‘कामिनी’ ही लहानशी संशोधन-अणुभट्टी १९९६ साली याच युरेनियम-२३३च्या इंधनावर कार्यान्वित झाली.