लोणचे का नासते?

मृग लागण्याआधी कैरीचे लोणचे घालून टाकण्याची आपल्या वाशीमकडे घरोघरी घाई असते, ती उगीच नव्हे. पाणी हाच लोणच्याचा वैरी! म्हणून मंडळी, धुतलेली कैरी कोरडी पुसून मगच फोडा. किलोभर फोडींना दोनशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागते. ते फोडींतले पाणी ओढून घेते आणि त्या खारात नासवणारे जंतू सहसा वाढत नाहीत. मिठाची काटकसर इथे कामाची नाही. बुरशीला हवा लागते. तेव्हा तापवून गार केलेले तेल फोडींच्या वर बोटभर राहू द्या. बरणी चिनी मातीचीच बरी, आंबट खार पितळेला खातो. एका वर्षी आमच्या बरणीत ओला चमचा मीच घातला होता. पोळ्याच्या आतच सगळे लोणचे उकिरड्यावर गेले.